प्रवाळाची खातेवही

‘प्रवाळ’ हा शब्द मराठी माणसाला नवा नाही. नवरत्नांच्या यादीत तो आहे, मंगळासाठी घातल्या जाणाऱ्या अंगठीत ‘पोवळे’ या नावाने आहे आणि वैद्यांच्या कपाटातील प्रवाळभस्माच्या बाटलीवरही आहे. या साऱ्या ओळखी मात्र मृत प्रवाळाच्या आहेत. शिवाय दागिन्यातील तांबडे पोवळे आणि समुद्रात मोठमोठे खडक उभारणारा ‘दगडी प्रवाळ’ हे दोन वेगळ्या कुळांतील प्राणी होत. या लेखाचा विषय आहे तो दुसरा, दगडी प्रवाळ. आणि तोही जिवंत, रंगीत, घरातील काचेच्या टाकीत वाढणारा.

अमेरिका, युरोप, जपान, ऑस्ट्रेलिया अशा अनेक ठिकाणी जिवंत प्रवाळ घरी सांभाळण्याचा छंद चांगलाच रुजला आहे. मेलबर्न येथे स्थायिक झालेला माझा मावसभाऊ गेली काही वर्षे तो मनापासून जोपासतो. रजा घेऊन त्याच्याकडे तीन आठवडे राहण्याचा योग आला आणि हा छंद जवळून पाहता आला. प्रथम वाटले होते की हा हौसेचा आणि पैशाचा खेळ असावा. प्रत्यक्षात दादाच्या टाकीशेजारी एक जाड वही सापडली आणि तिच्यातील आकड्यांचे रकाने पाहून बँकेत नोकरी करणाऱ्या माझ्यासारखीला अगदी घरच्यासारखे वाटले. या प्राण्याला श्रीमंती नको असते, त्याला नियमितपणा हवा असतो, हे त्या वहीने मला शिकवले. तेच वाचकांपुढे मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केलेली बरी. भारतात दगडी प्रवाळाला कायद्याचे कडक संरक्षण आहे. तो विकत घेणे वा घरी बाळगणे हा गुन्हा ठरतो. त्यामुळे पुढे दिलेली माहिती अनुकरणासाठी नाही, आकलनासाठी आहे. कायद्याविषयी सविस्तर शेवटी येईलच.

दगड, झाड की प्राणी?

प्रवाळ दिसतो दगडासारखा, वाढतो झाडासारखा आणि असतो मात्र प्राणी. त्याच्या एका घटकाला पॉलिप म्हणतात. पॉलिप म्हणजे एक मऊ पिशवी. तिला एकच तोंड आणि तोंडाभोवती नाजूक शुंडांचे कडे. ही पिशवी आपल्या तळाशी कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुनखडीच्याच जातीचा, एक पेला घडवीत राहते. शेकडो पॉलिप शेजारी शेजारी वाढले की त्यांची वसाहत बनते आणि अशा असंख्य वसाहतींच्या सांगाड्यांचा थर हजारो वर्षे साचत गेला की प्रवाळखडक तयार होतो. लक्षद्वीपची बेटे अशाच सांगाड्यांवर उभी आहेत.

या प्राण्याच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल वस्तीला असते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा आपल्या यजमानाला देते. खडक बांधणाऱ्या कित्येक प्रवाळांची ऊर्जेची बहुतेक गरज याच मार्गाने भागते. मोबदल्यात शैवालाला निवारा मिळतो आणि प्रवाळाने टाकून दिलेली द्रव्ये खत म्हणून मिळतात. वाणिज्याच्या भाषेत बोलायचे तर ही एक जुनी आणि भरभराटीची भागीदारी आहे. परंतु पाणी फार तापले किंवा प्रकाश एकाएकी वाढला, की भागीदारी मोडते. शैवाल बाहेर टाकले जाते, पारदर्शक मांसातून खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच प्रवाळाचे ‘विरंजन’ म्हणतात. विरंजित प्रवाळ लगेच मरत नाही, तो उपाशी असतो. परिस्थिती लवकर सुधारली तर तो सावरतो, अन्यथा नाही.

लॉर्ड हाउ बेटाचा रंगीत रहिवासी

दादाच्या टाकीतील मानाचे स्थान ‘मायक्रोमुसा लॉर्डहाउएन्सिस’ या प्रवाळाला आहे. नाव लांबलचक असले तरी त्यातच त्याचा पत्ता दडलेला आहे. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यापासून सुमारे सहाशे किलोमीटरवर लॉर्ड हाउ नावाचे छोटे बेट आहे. जगातील अगदी दक्षिणेकडील प्रवाळखडकांत तेथील खडकाची गणना होते. व्हेरॉन आणि पिशाँ या शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. योगायोग असा, की त्याच वर्षी त्या बेटसमूहाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. ही जात तेवढ्या बेटापुरती मर्यादित नाही. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर ती इतरत्रही आढळते. पूर्वी तिला ‘अकॅन्थॅस्ट्रिया’ या प्रजातीत धरीत असत. २०१६ मध्ये तिची नोंद ‘मायक्रोमुसा’त करण्यात आली. छंदी मंडळी मात्र अद्याप जुन्या नावाचेच लाडके रूप वापरतात.

या प्रवाळाचे पॉलिप मांसल, फुगीर आणि रुपयाच्या नाण्याएवढे असतात. रंग पाहावेत तर लाल, शेंदरी, पोपटी, जांभळा, करडा. एकाच पॉलिपवर कडेला एक रंग, मध्यभागी दुसरा आणि त्यांवर तिसऱ्या रंगाच्या रेघा. हे रंग प्रामुख्याने प्रवाळाच्या स्वतःच्या प्रथिनांचे असतात. निळा प्रकाश शोषून हिरवा किंवा लाल प्रकाश परत फेकणारी ही प्रथिने निळ्या दिव्याखाली निखाऱ्यासारखी उजळतात. अशाच प्रकारचे हिरवे प्रथिन प्रथम एका जेलीफिशमध्ये सापडले होते आणि त्यावरील संशोधनाला २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज जगभरच्या प्रयोगशाळांत पेशींमधील घडामोडी पाहण्यासाठी ही चमकणारी प्रथिने वापरतात.

घरातला समुद्र

प्रवाळ घरी जगवता येतो हे फार जुने ज्ञान नाही. जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये आपली पद्धत जगापुढे ठेवली. समुद्रातील जिवंत खडकाचे तुकडे, नैसर्गिक पाणी आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर ते टाकी चालवीत. समुद्र दाराशी असल्याने त्यांना ते साधले. समुद्रापासून दूर असलेल्या बर्लिनमध्ये डीट्रिश श्ट्यूबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे जिवंत खडक, प्रखर दिवे आणि फेसाच्या साहाय्याने पाण्यातील मळ काढणारे ‘प्रोटीन स्किमर’ हे यंत्र यांची सांगड घातली. श्ट्यूबर यांच्या टाकीत वाढलेल्या प्रवाळाच्या फांद्या तोडून मित्रांना दिल्या गेल्या, त्यांनी त्या वाढवून आपापल्या मित्रांना दिल्या आणि एकाच प्रवाळाचा वंश युरोपभर पोहोचला. आपल्याकडे अंगणातल्या जास्वंदीच्या फांद्या जशा आळीभर फिरतात तसाच हा प्रकार.

दादाची टाकी दोनशे लिटरची आहे. तिच्यातील पाणी समुद्राचे नाही. नळाच्या पाण्यातील क्लोरीन, तांबे, फॉस्फेट प्रवाळाला बाधतात. म्हणून ते आधी गाळणीयंत्रातून जवळजवळ शुद्ध करून घेतात आणि मग त्यात तयार सागरी मीठ विरघळवतात. क्षारांचे प्रमाण हजारी ३५ ठेवायचे, तापमान २५ अंशांच्या आसपास. मेलबर्नच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि हिवाळ्यात रात्री कडाक्याची थंडी पडते. त्यामुळे पाणी गरम करणारे आणि थंड करणारे अशी दोन्ही यंत्रे लागतात. वीज गेली तर पाणी खेळते राहावे म्हणून एक छोटा पंप बॅटरीवर जोडलेला असतो. प्रकाश बंद पडला तर प्रवाळ काही दिवस तग धरतो, पण पाणी निश्चल झाले की प्राणवायू काही तासांतच कमी पडू लागतो.

टाकी भरली म्हणजे प्रवाळ आणता येतो असेही नाही. माशांच्या मलमूत्रातून निघणारा अमोनिया पचवणारे जिवाणू आधी खडकांवर रुजावे लागतात. त्याला चार ते सहा आठवडे जातात. त्यानंतरही पाण्याचे गुणधर्म स्थिरावेपर्यंत जाणती मंडळी दगडी प्रवाळ आणीत नाहीत. कित्येक महिने केवळ खडक, वाळू आणि दोन-चार मासे यांच्याकडे पाहत राहायचे. उतावळ्या माणसाची या छंदातील पहिली परीक्षा येथेच होते.

दुसरा धडा बाष्पीभवनाचा. उघड्या टाकीतून रोज थोडे पाणी उडून जाते. मीठ मात्र मागे राहते. कोकणातील मिठागरे पाहिलेल्यांना हे निराळे सांगायला नको. म्हणून रोजची भर शुद्ध गोड्या पाण्याची घालायची, खारट पाण्याची नव्हे.

लॉर्ड हाउचा हा प्रवाळ टाकीच्या तळाशी, मंद ते मध्यम प्रकाशात आणि संथ प्रवाहात ठेवतात. दिव्याखाली अगदी जवळ नेला तर त्याचा रंग अधिक खुलेल अशी नवख्यांची समजूत असते. प्रत्यक्षात तो फिकट पडतो. नवीन आणलेल्या तुकड्याला आधी कमी प्रकाश देतात आणि काही आठवड्यांत सावकाश वाढवतात.

येणारे नावे, जाणारे जमा

आता त्या वहीकडे वळू. तिच्यात रोज एकाच वेळी, रात्री आठ वाजता, घेतलेले माप लिहिलेले असते. हे माप आहे पाण्याच्या क्षारतेचे. प्रवाळाला सांगाडा घडवण्यासाठी पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट अशा दोन गोष्टी लागतात. कार्बोनेटचा साठा किती आहे याचा अंदाज क्षारतेवरून येतो आणि ती ‘जर्मन अंश’ या एककात मोजतात. समुद्राच्या पाण्याची क्षारता सुमारे सात अंश असते. छंदी लोक ती साधारण आठ ते नऊ अंशांवर ठेवतात. कॅल्शियम लिटरला ४२० ते ४३० मिलिग्रॅमच्या आसपास असावे लागते.

जमाखर्चाच्या पहिल्या धड्यात आपण शिकलो होतो: येणाऱ्या वस्तूचे खाते नावे, जाणाऱ्या वस्तूचे खाते जमा. प्रवाळाचा व्यवहार तंतोतंत असाच चालतो. सांगाड्याचे खाते नावे पडते आणि त्याच क्षणी पाण्यातील कॅल्शियम व क्षारता ही दोन्ही खाती जमा होतात, म्हणजे तेथील शिल्लक तेवढ्याने घटते. त्यांचे परस्परप्रमाणही ठरलेले आहे. क्षारता २.८ अंशांनी उतरली की कॅल्शियम लिटरमागे २० मिलिग्रॅमने उतरते.

समजा, दोनशे लिटरच्या टाकीत अनेक प्रवाळ वाढत आहेत. आज रात्री क्षारता ८.४ होती, उद्या त्याच वेळी ८.१ भरली. दिवसाचा खर्च ०.३ अंश. वरवर पाहता हा आकडा नगण्य वाटेल. पण हिशेब मांडला तर तेवढ्यात टाकीतील प्राण्यांनी मिळून सुमारे एक ग्रॅम दगड घडवलेला असतो. ही तूट भरून काढण्यासाठी रोज १.८ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे आपला खाण्याचा सोडा, आणि साधारण १.६ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड लागते. चहाचा अर्धा चमचाही भरणार नाही एवढे ते एकेक चूर्ण! ती दोन्ही वेगवेगळी विरघळवून वेगवेगळ्या वेळी घालायची. दाट द्रावणे एकत्र आली तर प्रवाळाऐवजी पाण्यातच चुना बसतो. या व्यवहारात सव्वा ग्रॅम साधे मीठ मागे उरते. हे मीठ आणि इतर साचलेली द्रव्ये काढण्यासाठी टाकीतील काही पाणी ठराविक दिवसांनी बदलतात.

दुसरा एक मार्ग आपल्या ओळखीचा आहे: चुन्याची निवळी. पीटर विल्केन्स यांनी ती युरोपातील छंदी लोकांमध्ये रूढ केली. निवळीतून कॅल्शियम आणि क्षारता दोन्ही योग्य प्रमाणात मिळतात. मात्र ती अतिशय दाहक असते, म्हणून बाष्पीभवनाच्या भरपाईच्या पाण्यातून थेंबाथेंबाने सोडावी लागते.

दादा कॅल्शियमचे माप आठवड्याने घेतो, पण क्षारतेचे रोज. असे का, हा प्रश्न मला पडला. उत्तर हिशेबातच होते. दहा दिवस भर घातलीच नाही असे धरू. कॅल्शियम ४३० वरून ४०९ वर येईल. म्हणजे घट पाच टक्क्यांची. क्षारता मात्र ८.४ वरून ५.४ वर येईल. म्हणजे घट छत्तीस टक्क्यांची. खर्च दोन्हीकडून बरोबरीने होतो, पण एकीकडे ठेव मोठी आहे आणि दुसरीकडे लहान. ज्या खात्यात शिल्लक थोडी, तेच रोज पाहायचे. बँकेत आपण तरी निराळे काय करतो?

थकबाकी एकरकमी भरता येत नाही

त्या वहीत एका पानावर तांबड्या शाईने चौकट आखलेली दिसली. चौकशी केली तेव्हा दादाने हकीकत सांगितली. तीन वर्षांपूर्वी तो एका लग्नासाठी पुण्याला आला होता. टाकी शेजाऱ्यांच्या स्वाधीन केली होती. सोडा घालणाऱ्या छोट्या पंपाची नळी मध्येच तुंबली आणि हे कोणाच्या लक्षात आले नाही. दहा-बारा दिवसांनी शेजाऱ्यांनी माप घेतले तेव्हा क्षारता साडेपाचच्या आसपास आली होती. बिचारे घाबरले. राहिलेल्या सर्व दिवसांचा हिशेब करून त्यांनी अठरा ग्रॅम सोडा एकाच संध्याकाळी टाकीत घातला. सकाळी माप घेतले तर आकडा ८.४, अगदी जिथे हवा तिथे. त्यांनी तसे आनंदाने कळवलेही.

“मग बिघडलं कुठे, दादा?” मी विचारले. “शिल्लक तर पूर्ववत झाली होती.”

“शिल्लक झाली गं, पण प्राण्याला ते कसं सोसणार? दहा दिवस त्यानं पोट आवळून काढले आणि अकराव्या रात्री सगळं एकदम अंगावर आलं. मी परतलो तेव्हा कडेचं मांस मागे सरलं होतं. खालचा पांढरा सांगाडा नखाएवढा उघडा पडला होता.”

“आणि शेजारी?”

“त्यांना मी दोष दिला नाही. त्यांनी जीव तोडून केलं. पण घाईनं केलं.”

क्षारता खालावली तर ती दिवसाला एका अंशाहून अधिक चढवू नये, असा या छंदातील जाणकारांचा दंडक आहे. तीन अंशांची तूट भरायला निदान तीन दिवस, शक्यतो आठवडा घ्यावा. ५.४ हा आकडा वाईट खरा, पण त्या आकड्यापेक्षा एका रात्रीतील चढाव अधिक घातक ठरला. दादाने त्यानंतर जे केले ते करण्यापेक्षा न करणेच अधिक होते. त्याने पाणी एकदम बदलले नाही, दिवे हलवले नाहीत, औषधे ओतली नाहीत. रोज आठ वाजता माप, रोज तेवढाच सोडा, आठवड्यातून दोनदा थोडे अन्न. वहीत पुढची चार पाने जवळजवळ एकसारखी आहेत: ८.३, ८.४, ८.३, ८.४. पाचव्या पानावर एक ओळ आहे: ‘कड भरू लागली.’ मध्ये साडेतीन महिने गेले होते.

कर्जखात्यात थकबाकी एकरकमी भरली की ग्राहकही सुटतो आणि आपणही. सजीवाच्या खात्याला ही सोय नाही. तेथे आवर्त ठेवीसारखा लहान हप्ताच चालतो. तो चुकला तर पुढचा हप्ता मोठा करून भरपाई होत नाही. पुन्हा लहानच हप्ता सुरू करावा लागतो आणि वाट पाहावी लागते.

जेवण, शेजार आणि वाटणी

शैवाल अन्न पुरवत असले तरी हा मांसल प्रवाळ शिकारीही आहे. दिवे मालवले की तासाभरात त्याचे शुंडे बाहेर येतात. अशा वेळी पंप दहा-पंधरा मिनिटे थांबवून चिमट्याने कोळंबीचा तांदळाएवढा तुकडा पॉलिपवर अलगद ठेवतात. पॉलिप आपल्या कडा आत वळवतो आणि तो तुकडा सावकाश गिळतो. आठवड्यातून दोन वेळा एवढे जेवण पुरते. अधिक दिले तर न खाल्लेले अन्न कुजते आणि पाण्यात नायट्रेट व फॉस्फेट वाढतात. तरीही ही द्रव्ये शून्यावर आणणे इष्ट नाही. पाणी अगदीच निःसत्त्व झाले तर प्रवाळ फिका पडतो.

शेजाऱ्यांशी मात्र त्याचे जमत नाही. दुसऱ्या जातीचा प्रवाळ फार जवळ आला तर तो रात्री आपल्या पोटातील पाचक तंतू बाहेर काढतो आणि शेजाऱ्याचे मांस जागच्या जागी पचवतो. दिवसा शांत, सुंदर दिसणाऱ्या या प्राण्याचे हे रात्रीचे रूप थक्क करणारे आहे. म्हणून दोन जातींमध्ये निदान चार-सहा इंच जागा सोडतात. स्वतःच्या जातीचे तुकडे मात्र तो सहसा शेजारी चालवून घेतो.

वसाहत वाढली की पॉलिपांच्या मधोमध बारीक करवतीने सांगाडा कापून तुकडे करतात. डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे घालूनच. जखम भरली की प्रत्येक तुकडा स्वतंत्र वसाहत होतो. दादा असे तुकडे छंदातील मित्रांना देतो. या देवघेवीमागे एक महत्त्वाचा विचारही आहे. ऑस्ट्रेलियात हे प्रवाळ परवानाधारक पाणबुडे ठरवून दिलेल्या कोट्यानुसारच समुद्रातून काढतात. तरीही काढलेला प्रत्येक तुकडा समुद्रातून वजा होतोच. टाकीत वाढलेल्या वसाहतीचा तुकडा घेतला तर समुद्राच्या मुद्दलाला हात लागत नाही, केवळ व्याजावर भागते.

कायदा आणि आपला समुद्र

हे सारे वाचून एखाद्या वाचकाला आपल्या घरीही अशी टाकी असावी असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत दगडी प्रवाळांचा समावेश आहे. वाघाला जे संरक्षण, तेच प्रवाळाला. २०२२ च्या दुरुस्तीनंतरही, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, हे स्थान कायम आहे. अशा गुन्ह्यासाठी तीन ते सात वर्षांपर्यंत कारावास आणि किमान २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. एखाद्या दुकानात रंगीत प्रवाळ ‘परदेशी आहे, चालते’ असे सांगून दाखवला गेला, तर विक्रेत्याच्या शब्दावर विसंबून राहू नये. तारण घेताना आपण कागदपत्रे पाहतो. येथे तर मुळात व्यवहारालाच मनाई आहे.

आपल्या कर्मचारी बंधुभगिनींनी एक गोष्ट आवर्जून ध्यानात ठेवावी. प्रवास सवलत घेऊन अंदमानला जाणारे आपल्यापैकी अनेक जण आहेत. तेथील किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा पांढरा तुकडा मृत असला तरी तोही कायद्याच्या कक्षेत येतो. श्री विजयपुरम (पूर्वीचे पोर्ट ब्लेअर) येथील विमानतळावर सामानाच्या तपासणीत असे तुकडे पकडले जातात. मुलांच्या हट्टापायी पिशवीत टाकलेला एक तुकडा साऱ्या सहलीवर विरजण घालू शकतो.

आणि प्रवाळ पाहायचाच असेल तर तो आपल्या समुद्रात आहेच की! लक्षद्वीप, अंदमान-निकोबार, मन्नारचे आखात आणि कच्छचे आखात ही त्याची मोठी ठिकाणे. महाराष्ट्रात मालवणच्या समुद्रात तो आढळतो. तेथे १९८७ मध्ये सागरी अभयारण्य जाहीर झाले. विजयदुर्गापासून सुमारे शंभर किलोमीटर दूर, भर समुद्रात पाण्याखाली ‘आंग्रिया बँक’ नावाचे प्रवाळसंपन्न पठार आहे. कान्होजी आंग्रे यांच्या नावाची ही ‘बँक’ आपल्यासारख्या बँकवाल्यांना विशेष जवळची वाटावी! मुंबईकरांना तर कदाचित ठाऊकही नसेल, की वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरही दगडी प्रवाळ आहे. सागरी किनारा मार्गाच्या कामाच्या वेळी, २०२० साली, तेथील १८ वसाहती राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली उचलून दुसरीकडे बसवण्यात आल्या.

मालवणला वा अंदमानला पाण्यात उतरून प्रवाळ पाहताना त्यावर पाय ठेवू नये, हात लावू नये, नौकेचा नांगर त्यावर टाकू देऊ नये. एका पावलाखाली मोडणारी वसाहत घडायला कित्येक वर्षे लागलेली असतात, हे दिवसाला एक ग्रॅमचा हिशेब वाचलेल्यांना वेगळे सांगायला नको.

घरी छंद हवाच असेल, तर गोड्या पाण्यातील वनस्पतींची टाकी हा सुंदर आणि निर्धोक मार्ग आहे. रोजचे निरीक्षण, ठरावीक खत, नियमित पाणीबदल आणि वही: शिस्त तीच, आनंदही तोच.

शेवटी एका मोठ्या टाकीविषयी. दादाच्या टाकीत पाणी २६ अंशांच्या वर गेले की यंत्र आपोआप सुरू होते. समुद्राला असे यंत्र नाही. नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा केवळ एक अंश अधिक उष्णता काही आठवडे टिकली, तरी प्रवाळ पांढरे पडू लागतात. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये लक्षद्वीपच्या प्रवाळांनी हे सोसले. २०२४ मध्ये पुन्हा सोसले. २०१९ मध्ये खुद्द लॉर्ड हाउ बेटावरही विरंजन झाले. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातील चौथ्या मोठ्या विरंजनाची नोंद केली. दोन आघातांमधील अंतर कमी होत चालले आहे आणि सावरायला लागणारा काळ मात्र तेवढाच आहे. नखाएवढी एक कड भरायला, रोज काळजी घेणारा माणूस जवळ असताना, साडेतीन महिने लागले. समुद्राच्या कडा किती आणि त्यांच्याजवळ बसणारे किती, याचा ज्याने त्याने विचार करावा.

समुद्राचे तापमान आपल्यापैकी कोणीही एकटा उतरवू शकत नाही. पण विजेचा, इंधनाचा जो वापर आपल्या हातात आहे तो रोज थोडा कमी करणे, किनाऱ्यावरून काही उचलून न आणणे, पाण्यात उतरलो तर पाऊल जपून टाकणे, एवढे हप्ते आपल्याला परवडण्याजोगे आहेत. ते लहान आहेत म्हणून कमी लेखू नयेत. नियमित भरलेल्या लहान हप्त्यांतून केवढी ठेव उभी राहते, हे बँकेच्या ग्राहकांना आणि कर्मचाऱ्यांना ठाऊक आहेच.